बाई, सुला, मिस

टॅक्सी फाटकाशी उभी होती आणि आई अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती. "पोचलंस की फोन कर गो," एवढंच म्हणाली. हात तिने बियांमधून काढले नाहीत. मी वाकून पाया पडले आणि निघाले. नवरा पेडण्याचा, गोव्यातल्या पुष्कळांसारखा पोर्तुगीज पासपोर्टावर आधीच इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेला. तिथल्या एका गोदामात तो कामाला लागला होता. मी आमच्या लाटंबार्सेच्या मराठी शाळेत पंधराएक वर्षं शिकवत होते. गाडी वाडा ओलांडेपर्यंत वाटेतल्या प्रत्येकाने विचारलं, "बाई, चललात?"

बाई हे माझं नावच होतं. सुलक्षा फक्त घरातली माणसं म्हणायची.

स्विंडनमध्ये मी इंग्रजीच्या वर्गाला जाऊ लागले. शिकवणारी हेलन फार चांगली होती. सुलक्षा तिच्या जिभेला जमेना, म्हणून मी 'सुला' झाले. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, मायदेशी काय करत होतीस? व्याकरण मला येत होतं. चौथीच्या पोरांना इंग्रजीचे धडे मीच तर दिले होते. तरी तोंडातून आलं, "हाउसवाइफ." हेलनने मान डोलावली आणि तेव्हापासून माझ्याशी हळू, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. जशी ती बोलायची तशीच मी होत गेले. दुकानात वस्तूकडे बोट दाखवायचं, डॉक्टरकडे नवऱ्याने बोलायचं. दोन हिवाळे असे गेले. वाईटही वाटेनासं झालं होतं. हे वाचणाऱ्या तुमच्यातल्या ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांना ते ठाऊक असेल. गावाकडच्यांना मी कधी सांगितलं नाही. फोनवर आईला म्हणायचे, "शिकतंय गे."

मग जवळच्या प्राथमिक शाळेत जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं काम मिळालं. तिथे बोलावं लागणार नाही असं वाटलं म्हणूनच घेतलं. एका दुपारी ओल्या पायऱ्यांवर पोरांनी ढकलाढकली सुरू केली आणि मी मराठीतच ओरडले, "थांबा रे सगळे!"

सगळी थांबली. एक मुलगी म्हणाली, "सॉरी, मिस."

मिस. म्हणजे बाईच की.

"वन लाइन," मी म्हणाले. "नो पुशिंग. यू, टाय युअर लेस. हू स्टार्टेड धिस?" शब्द कुठून आले मला कळलं नाही. मनातल्या मनात आधी मराठीत जुळवावंही लागलं नाही. त्या दिवसापासून इंग्रजी येत गेलं. हेलनच्या वर्गात सुला तशीच अडखळायची, पण शाळेच्या आवारात मिस भांडणं सोडवायची, पालकांशी बोलायची. पुढे मी परीक्षा दिली, त्याच शाळेत वर्गावर मदतनीस म्हणून लागले. हेलनने मिठी मारली. मला आनंद व्हायला हवा होता, एवढं कळत होतं.

गेल्या वर्षी मधल्या सुट्टीत भावाचा फोन आला. "सुलक्षा, आई गेली गो." मी "हं" म्हणाले. मग सरळ मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "माय मदर हॅज डाइड. आय नीड टू गो होम." एकही चूक नाही. आवाजही हलला नाही. शेजारणीला, विमानात बाजूला बसलेल्या बाईला, सगळ्यांना तेच वाक्य सांगितलं. दर वेळी नीट आलं.

लाटंबार्सेत पोचले तोवर अग्नी देऊन झाला होता. तिथे कुणाला सांगायची गरजच नव्हती. नवऱ्यालाही भावानेच कळवलं होतं. माणसं येत होती, "वायट झालां, बाई," म्हणून ओसरीवर बसत होती. मी मान हलवत होते, चहा देत होते.

आता लोक विचारतात, घर कुठलं? इंग्रजीत मी दोन्हीकडच्या घरांना 'होम' म्हणते, पटकन. मराठीत घर म्हणायला गेले की थांबते. मराठीतलं एक वाक्य मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या तोंडून ते ऐकायला आई हवी होती, आणि ती नसली तर तुम्ही.

माझी आई गेली.