न पाहिलेल्या घराचा अहवाल

ज्या घराचा उंबरठा मी कधी ओलांडला नाही, त्या घराच्या भेटीचा अहवाल मी लिहिला होता. हे मी तीस वर्षे कोणालाही सांगितले नाही.

तेव्हा मी पुण्यात एका विश्वस्त संस्थेच्या मनोरुग्णालयात शिकाऊ समाजसेवक होतो. आमच्या प्रमुख बाई म्हणजे या कामाचे रीतसर शिक्षण घेऊन तिथे रुजू झालेली पहिली स्त्री. "समाजसेवा म्हणजे फळं वाटायची ना?" असे एका डॉक्टरांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारले होते. "फळं तुम्ही वाटा. मी यांची घरं शोधते," असे उत्तर देऊन त्या बाहेर पडल्या, आणि बऱ्या झालेल्या बायकांना घरी पोचवण्याची पद्धत त्यांनी एकटीने घालून दिली. नियम एकच: रुग्णाची निजायची जागा स्वतः पाहिल्याशिवाय अहवाल लिहायचा नाही.

बिबवेवाडीच्या एका रुग्णाच्या भावाला मी कारखान्यात फोन केला. "आणा की ताईला, घर तिचंच आहे," तो म्हणाला. बाहेर ऊन फार होते. 'खिडकीजवळ खाट आहे,' असे मी बसल्या जागी लिहिले. बाईंनी विश्वासाने सही केली.

ताईंना परिचारिका घेऊन गेली तेव्हा दाराला कुलूप होते. बिऱ्हाड हलले होते. गेलो असतो तर सामानाची बांधाबांध मला दिसली असती. ताई संध्याकाळपर्यंत पायरीवरून उठल्या नाहीत. परत आणल्यावर कित्येक महिने कोणाशी बोलल्या नाहीत.

"मी गेलो तेव्हा सगळं ठीक होतं," असे मी चौकशीत सांगितले. बाई एवढेच म्हणाल्या, "सही माझी आहे." त्यांची बढती राहिली ती राहिलीच.

गेल्या महिन्यात संस्थेने गौरव अंकासाठी त्यांच्या कारकिर्दीवरचा लेख लिहायचे काम माझ्याकडे सोपवले. कोथरूडला त्यांच्या घरी मी तो वाचून दाखवला.

"गौरव अंक मी गेल्यावर काढायचा होतात. चुका दाखवायला कोणी उरलं नसतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "अरे, त्या कुलपाचं यात काहीच नाही?"

"ते कशाला, बाई?"

"माझी सर्वांत मोठी चूक ती. लिही, बाईंचा माणसांचा अंदाज चुकला."

त्यांनी सांगितलेले वाक्य लिहिले असते, तर माझे खोटे त्यांच्या नावावर कायमचे छापले गेले असते. मी पेन खाली ठेवले.

"बाई, त्या घरी मी गेलोच नव्हतो. ती खाट, ती खिडकी माझ्या मनची. चौकशीतही खोटंच बोललो. ताईंची क्षमा मागायला आता त्या नाहीत. तुमची मागतो. मला क्षमा करा."