पाटील नरकातून उठला तेव्हा

कोंडाबाई उमरग्याच्या मिशन दवाखान्यात आया होती. बाळंतिणींना उठवणं-बसवणं, पट्ट्या उकळणं, कानडी बायकांचं दुखणं डॉक्टरीणबाईंना मराठीत सांगणं, ही तिची कामं. ती ख्रिस्ती झाली. तिचा नवरा, महारुद्र, मात्र ख्रिस्ती झाला नाही. "तू जा आत, म्या हितं बसतो," म्हणायचा आणि प्रार्थना संपेपर्यंत चर्चबाहेर चपलांपाशी बसून राहायचा. सत्तावन्नच्या पावसाळ्यात तो काविळीनं गेला. तेव्हापासून बाईच्या जिवाला एकच घोर. तो नरकात असेल का? असला तर कायमचा? आणि त्याच्यासाठी प्रार्थना केली तर काही उपयोग होईल का?

पाळकसाहेब म्हणाले, "नरक कायमचाच असतो." सोलापूरहून आलेले एक म्हातारे उपदेशक म्हणाले, "देव शेवटी सगळ्यांनाच घरी आणील, असं मला वाटतं." दोघांच्या हातात शास्त्र एकच. बाई चक्रावून गेली.

त्या नाताळात पाळकसाहेबांनी स्वतः एक नाटक रचलं. तहानलेल्यांना विहिरीवरून हाकलणारा पाटील मरून नरकात पडतो, एवढीच गोष्ट. आमची नाटक कंपनी नुकतीच बंद पडली होती, मी रिकामाच होतो. पाटलाचं काम माझ्याकडं आलं. दवाखान्याच्या अंगणात चुन्याची जाड रेघ ओढली. अलीकडं स्वर्ग, पलीकडं नरक. रेघ कुणी ओलांडायची नाही, असं पाळकसाहेबांनी तालमीत दहादा बजावलं.

दिवस कलताना खेळ झाला. काय सांगू, असा तडफडलो मी! बायांनी डोळ्यांना पदर लावले. "पाणी!" अशी शेवटची हाक दिली आणि कोसळलो. नाटक संपलं. आणि तिथं तीस वर्षांची सवय नडली. आमच्या कंपनीत मेलेला असो की मारणारा, शेवटी सगळ्यांनी पुढं येऊन हात जोडायचे. कुणाला मेलेलं ठेवून पडदा पाडणं अशुभ मानत. मी उठलो, धोतर झटकलं, रेघ ओलांडली आणि देवदूतांच्या शेजारी हसत उभा राहिलो. टाळ्या पडल्या. पाळकसाहेबांचा चेहरा मात्र उतरला.

कोंडाबाई तडक माझ्यापुढं आली.

"मास्तर, तुमी भाईर कसे आले?"

"सवय हो बाई. आमच्या नाटकाची रीतच तशी."

"कुणी पाडली ही रीत?"

"जुन्या लोकांनी. का पाडली, ते मलाही ठाऊक नाही."

"चूक झाली त्यांची," पाळकसाहेब मध्ये पडले. "नटाला काय विचारता, कोंडाबाई?"

"चूक व्हती, तर मग साहेब, तुमी त्यास्नी माघारी का न्हाय धाडलं?"

पाळकसाहेब हातातल्या कागदाच्या घड्या घालत राहिले. भला माणूस. "चारचौघांत... बरं दिसलं नसतं," ते म्हणाले.

"तुमाला बरं दिसलं नसतं. मग देवाला दिसंल व्हय?" बाईचा आवाज चिरकला. "आमच्या मालकासाठी प्रार्थना करू का नको, एवढं तरी सांगा."

"मेलेल्यांसाठी आपण करत नाही. पण मी अडवणार नाही."

"म्हंजी करू?"

"मला माहीत नाही, बाई."

तिनं माझ्याकडं पाहिलं. राजांची, ऋषींची भाषणं मला तोंडपाठ; त्यातलं एक वाक्य कामी येईना.

"दोघं बी शिकलेले," ती म्हणाली, "आन् दोघं बी काय कामाचे न्हाय." तेवढ्यात आतून कुणी बाळंतीण ओरडली, तशी ती हात पुसत तिकडं पळाली.

पुढं ती प्रार्थना करायची की नाही, मला कळलं नाही. विचारायचं धाडसच झालं नाही. उलट तिनंच पुन्हा मला विचारलं असतं, तर?