अकलोलीच्या कुंडावरची तहान

फोन शाळेच्या ऑफिसात आला. क्लार्कने मला वर्गातून बोलावून घेतलं. पलीकडे रमाकांत होता. कॉलेजात माझ्या वर्गात होता, आता मानकोलीला गोदामं बांधतो. म्हणाला, "अगं, आपला हिरो गेला." हिरो म्हणजे कोण, ते मला क्षणभर कळेना. "प्रभाकर गं. कावीळ झाली होती. ठाण्याला हलवलं, पण उशीर झाला." आणि पुढचा श्वास घ्यायच्या आत, "आपण शोकसभा घेऊ, कॉलेजच्या हॉलमध्येच. फिल्मची कॅसेट अजून आहे माझ्याकडे." मी बरं म्हणाले, फोन ठेवला, वर्गात परत गेले आणि धडा जिथे सोडला होता तिथून पुढे वाचायला लागले...

त्याला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत प्रभाकरबद्दल बरंच बोललं गेलं. हसतमुख, मनमिळाऊ, सगळ्यांना सांभाळून घेणारा. माणूस मेला की आपल्याकडे त्याच्या अंगावर हे तीन शब्द शालीसारखे टाकतात, मग तो कोणी का असेना. प्रभाकर मनमिळाऊ नव्हता. मूर्ख माणसांविषयी त्याला मनस्वी तिटकारा होता आणि तो लपवायचे कष्ट त्याने कधी घेतले नाहीत. हसायचा तेव्हा एका बाजूने हसायचा, आणि समोरच्याला लगेच आपलं शेवटचं वाक्य आठवून बघावंसं वाटायचं. मी त्याची मैत्रीण होते, असं लोक म्हणतात. मी काय होते ते शेवटी सांगते, कारण त्यासाठी आधी ती फिल्म सांगावी लागेल.

आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो. समाजशास्त्र शिकवणारे सर दादरहून यायचे. ते कुठल्याशा चित्रपट-रसग्रहण शिबिराला चार दिवस जाऊन आले, आणि परत आले ते 'वास्तव' हा एकच शब्द घेऊन. वर्गाचे गट पाडले, प्रत्येक गटाने दहा मिनिटांची फिल्म करायची, गटाला मिळून पन्नास मार्क. आमच्या गटाला विषय दिला सामाजिक समता. गटात रमाकांत, प्रभाकर, मी आणि आणखी दोघे, ज्यांनी शेवटपर्यंत वायर गुंडाळण्यापलीकडे काही केलं नाही. मुलगी म्हणून कॅमेऱ्याला हात लावायचा प्रश्न नव्हता. माझं अक्षर चांगलं आणि मी पुस्तकं वाचते, म्हणून लेखन माझ्याकडे आलं. भूमिका सरांनी वाटल्या. गावचा मालक रमाकांत. आणि पाणवठ्यावर पाणी मागणारा, हात जोडणारा, हाकलला जाणारा तरुण... सरांनी वर्गावरून नजर फिरवण्याचं नाटकदेखील केलं नाही.

"प्रभाकर, तुझ्या चेहऱ्यावर ते आहे," सर म्हणाले.

"काय आहे, सर?"

"वेदना."

"दाढ दुखतेय, सर. दोन दिवस झाले."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. खऱ्या माणसाने खरी भूमिका करावी, हेच वास्तव, असं त्यांनी समजावलं. प्रभाकरने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "खरंच बघायचं तर आमच्या घरी नळ आहे. वडील पोस्टात होते, त्यांनीच घेतला. टँकर रमाकांतच्या गावात येतो. मे महिन्यात त्याची आई कळशी घेऊन रांगेत असते. तहानेचं काम त्याला द्या." रमाकांत लाल झाला. सर म्हणाले, हा गटाचा प्रकल्प आहे, एकाने अडवलं तर पाचही जणांना शून्य. प्रभाकरची आई निजामपुऱ्याच्या मागच्या गल्लीत शिलाई करून घर चालवत होती, वडील जाऊन वर्ष झालं होतं. त्या गल्लीत दिवसभर दोन्ही बाजूंनी कापडाचे लूम खडखडत आणि ती मधे बसून मशीन मारत असे. त्याला फर्स्ट क्लास हवा होता, सर्व्हेअरच्या, म्हणजे जमीनमोजणीच्या कोर्सला जायचं होतं. हे सरांना माहीत होतं. समतेवर फिल्म करायला निघालेला माणूस इतका हिशेबी असू शकतो, हे मला त्या वयात समजलं नाही. मला सर थोर वाटायचे.

संवाद मी लिहिले. 'मालक, घोटभर पाणी द्या, तीन दिसांची तहान हाय.' ते वाचून प्रभाकरने विचारलं, "तीन दिवस पाणी नाही मिळालं तर माणूस मरतो. हे तू कुठे पाहिलंस?" मी म्हटलं, कथांमध्ये असंच असतं. आमच्या घरी कपाटभर दिवाळी अंक होते. विहीर मी तोवर आगगाडीतूनच पाहिली होती. प्रभाकरच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथे भिंतभर पुस्तकं बघून मला आश्चर्य वाटलं होतं, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं होतं. त्याने ते पाहिलं होतं. तो आमच्या घरी कधी आला नाही. मी कधी ये म्हटलंच नव्हतं.

शूटिंगला अन्वरभाई ठरले. ते लग्नाच्या कॅसेटी काढायचे. भिवंडीत कुठेही कॅमेरा लावला तरी आवाजात लूम यायचा, म्हणून शहराबाहेर जायचं ठरलं. सरांना पाणवठा दगडी हवा होता, जुना, 'काळाची साक्ष देणारा'. रमाकांतच्या मामाचं अकलोलीला चहाचं दुकान होतं. तिथल्या कुंडाचा फोटो त्याने दाखवला आणि सर भारावले. डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही तिथे पोहोचलो. अकलोलीची कुंडं गरम पाण्याची आहेत, हे आमच्या भागात शाळकरी पोरालाही माहीत असतं. मला माहीत होतं. रमाकांतला माहीत होतं, त्याचं तर आजोळ ते. पण सर म्हणाले, "धुकं काय सुंदर उतरलंय!" आणि ती वाफ आहे, हे त्यांना सांगायची हिंमत आमच्यापैकी कोणात नव्हती. पन्नास मार्क त्यांच्या हातात होते. अन्वरभाईंना त्यांनी धुकं घ्यायला लावलं. डावीकडून धुकं, उजवीकडून धुकं, पाण्यावर रेंगाळणारं धुकं. त्यात कॅमेऱ्याची बॅटरी संपत आली. आंघोळीला आलेली एक म्हातारी बराच वेळ बघत होती. तिने मला विचारलं, "बाय, ह्या पोराला काय करायला लावतंव?" मी म्हटलं, तो तहानलेला आहे, पाणी मागणार आहे. ती म्हणाली, "ह्या पान्याला कोन तोंड लावतंय? गंधकाचा वास येतंय. गुडघं शेकायला येतो आमी." आणि पदर सावरून पाण्यात उतरली.

"एक ही टेक होगा," अन्वरभाईंनी बजावलं. रमाकांत फेटा बांधून, हातात तांब्या घेऊन उभा राहिला. प्रभाकर त्याच्यासमोर. सरांना फक्त चेहरा हवा होता, वेदनेसाठी, म्हणून कॅमेरा जवळ नेला. सुरू झालं. प्रभाकरने हात जोडले नाहीत. हात पाठीमागे घेतले, मोजणीवाले उभे राहतात तसा उभा राहिला, आणि सावकाश म्हणाला, "हे पाणी कढत आहे, रमाकांत. आधी तू पी."

तेवढ्यात कॅमेरा बंद पडला. सर संतापले. रमाकांत तांब्या आपटून म्हणाला, "याला मुद्दाम करायचं होतं." प्रभाकर तिथून निघाला. दुकानात जाऊन त्याने चहा घेतला आणि दुसऱ्या एस.टी.ने एकटा परत गेला. मला तेव्हा त्याचा राग आला होता, हेही लिहून ठेवते. आमचे मार्क त्याने घालवले, असं वाटलं होतं.

ते मी परत मिळवून दिले. अन्वरभाईंच्या दुकानात दोन व्हीसीआर जोडून फिल्म तयार होत होती. ते म्हणाले, "फोटो अच्छा आया है. आवाज़ दूसरी डाल देंगे. दीदी, आप बस लिप मिला दो, बाकी कोई नहीं देखता." सर माझ्याकडे वळले. तू लिहू शकशील, म्हणाले, तुझी भाषा चांगली आहे. मी एक दुपार त्या टीव्हीसमोर बसले. आवाज बंद करून प्रभाकरचं तोंड पुन्हा पुन्हा बघितलं. ओठ कुठे मिटतात, कुठे उघडतात, कुठे थांबतात. 'पाणी'ला ओठ मिटत होते, तिथे मी पाणीच ठेवलं. रमाकांतच्या नावात ओठ मिटत होते, तिथे मालक आणला. शेवटच्या 'पी'वर पुन्हा मिटत होते. संध्याकाळपर्यंत वाक्य तयार झालं: 'द्या पाणी ओंजळीत, जी मालक. हात जोडतो मी.' हात चौकटीत नव्हते, त्यामुळे अडचण आली नाही. आवाज रमाकांतने दिला, थोडा कापरा करून. इतकं चपखल बसलं की अन्वरभाईंनी मान डोलावली. मला फार आनंद झाला. आयुष्यात लिहिलेल्या कुठल्याही ओळीने मला तितका आनंद दिलेला नाही.

हॉलमध्ये फिल्म दाखवली. कुंड दिसताच मागच्या बाकांवरून कोणी ओरडलं, "आरं, ह्यो तर अकलोली हाय," दुसऱ्याने विचारलं, "पाणी मागतो का साबण?" आणि हॉल पाच मिनिटं हसत होता. सरांना शेवटपर्यंत कळलं नाही लोक का हसले. त्यांनी नंतर भिवंडीच्या असंवेदनशीलतेवर भाषण केलं. पण प्रभाकरचा चेहरा आला, ते वाक्य आलं, आणि सगळे गप्प झाले. दोन मुली रडल्या. सरांनी चष्मा पुसला. आम्हाला पन्नासपैकी त्रेचाळीस मिळाले. बाहेर जिन्यावर प्रभाकर उभा होता. मी काहीतरी बोलायला गेले, मार्कांचं, सगळ्यांच्या मार्कांचं. तो म्हणाला, "मलाही मिळाले की." मग एक पायरी उतरून, मागे न बघता, "ओठ बरोबर बसवलेस."

त्यानंतर दहा-अकरा वर्षं आम्ही भेटत राहिलो. तो सर्व्हेअर झाला. मोजणीला गेला की दोन्ही बाजूंचे शेतकरी त्याच्यावर नाराज व्हायचे, म्हणजे मोजणी बरोबर व्हायची. मानकोलीला रमाकांतच्या गोदामाची हद्द त्यानेच आखली. रमाकांत म्हणाला होता, "फूटभर सरकव, आपण एका गटातले." हा म्हणाला, "तो गट सुटला." मला पुस्तकं आणून द्यायचा, माझी वाचून परत करायचा, समासात पेन्सिलीने 'खोटं' असं लिहून. फिल्मचा विषय त्याने एकदाही काढला नाही. मीही नाही. तो विसरला असावा, असं मी स्वतःला सांगत असे. आणि प्रभाकर काहीही विसरत नाही, हेही मला माहीत होतं.

शोकसभेत रमाकांतने ती कॅसेट लावली. आधी भाषण केलं. प्रभाकर त्याच्या घरातलाच होता म्हणे. सर आले होते. आता निवृत्त आहेत, 'वास्तव' मात्र अजून सेवेत आहे. प्रभाकरच्या आईला पहिल्या रांगेत बसवलं होतं, गळ्यात हार घालायचा राहिला इतकंच. तिने ती फिल्म कधी पाहिली नव्हती. टीव्हीवर मुलाचा चेहरा आला तशी ती खुर्चीत पुढे सरकली. वाक्य झालं. हॉल तसाच गप्प, अकरा वर्षांपूर्वीसारखा. आणि ती म्हणाली, मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "ह्यो माज्या पोराचा आवाज न्हाय."

"आई, जुनी टेप आहे," रमाकांत म्हणाला. त्याने तिला आयुष्यात पहिल्यांदा आई म्हटलं. "जुन्या टेपेत आवाज बदलतो."

"आवाज बदलंल. पोर बदलंल का? आनि हात कुठं हायत त्याचं? हात जोडतो म्हनतोय, हात दिसत न्हाईत."

रमाकांतने दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. मी तिसऱ्या रांगेत होते. त्या हॉलमध्ये ते वाक्य कोणाचं आहे हे जाणणारी चार माणसं होती. सरांनी डोळे मिटले होते, रमाकांतने घड्याळाकडे पाहिलं, मी चपलांकडे. चौथा टीव्हीच्या पडद्यावर होता, काही सांगू शकत नव्हता.

चार दिवसांनी मी निजामपुऱ्यातल्या घरी गेले. रमाकांतने कॅसेट आठवण म्हणून तिला देऊन टाकली होती, वर चंदेरी कागद गुंडाळून. मी सगळं सांगितलं. टीव्हीसमोरची ती दुपार, ओठ, मालक, हात. आणि तो खरं काय म्हणाला होता ते. तिने मशीन बंद करून ऐकलं. झाल्यावर म्हणाली, "म्हंजी तू लिवलास ते." मी हो म्हटलं. "शिकलेली हायस. तुला जमला." एवढंच. तिच्या आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं झालं असतं. त्याच्याच घरातली रीत होती ती. रागाच्या लायकीचं जे नसतं त्याला तिथे राग मिळत नाही.

मग तिने शेजारच्यांकडून व्हीसीआर मागवला. चेहरा येण्याच्या जरा आधी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला आणि मला जवळ बसायला सांगितलं. म्हणाली, "आता बोल. तो बोलला ते." प्रभाकरचे ओठ हलले. मी म्हटलं, हे पाणी कढत आहे, रमाकांत, आधी तू पी. माझं संपलं तेव्हा त्याचे ओठ अजून हलत होते. तिने कॅसेट मागे नेली. "हलू बोल. तो घाई करत नवता." मी पुन्हा म्हटलं. या वेळी मागे पडले.

गेले तीन रविवार मी तिथे जाते. ती मशीन बंद करते, टीव्ही लावते, आवाज शून्यावर आणते. लूमची खडखड दोन्ही बाजूंनी चालूच असते, त्यामुळे मला जरा मोठ्याने बोलावं लागतं. अजून एकदाही बरोबर बसलेलं नाही. ती तसं सांगते, आणि कॅसेट मागे नेते.