ढगाची माफी

"जेवलात का?" फोनवर कुठल्याही देशाचा कप्तान असो, मंगलताईंचा पहिला प्रश्न हाच. वारा कुठला, लाटा केवढ्या, ते सगळं नंतर. इंग्रजीतसुद्धा त्या आधी हेच विचारायच्या आणि भलेभले दर्यावर्दी गडबडून जायचे.

मालवाहू जहाजांना हवामान बघून रस्ता सांगायचा, हे आमचं काम. वादळ टळावं आणि तेलही उगाच जळू नये. आणि हे कुठून, तर भोरमधून! ताई वेल्ह्याकडच्या पासलीच्या. घरून काम करायची मुभा मिळाली, पण गावात रेंज धड येईना, म्हणून त्यांनी भोरात एक खोली घेतली. मी भोरचाच, त्यांच्या हाताखाली. समुद्र तिथून घाटापलीकडे, पण ताई बोलायच्या अशा की जणू ओढ्यापलीकडेच आहे.

एकदा मी वैतागून म्हणालो, "ताई, जेवणाचं काय काढता सारखं? आपल्याकडे आकडे आहेत ना?"

"हायेत की. पण जहाज किती हलतंय ते कप्तान कबूल करत न्हाई. लई मानी जात. भाताचं टोप शेगडीवर ठरत नसंल, तर ते मातुर लपत न्हाई."

आणि तसंच झालं. एका कप्तानानं 'सगळं उत्तम' म्हणता म्हणता 'आज बिस्किटांवर भागवलं' असं सांगून टाकलं. ताईंनी लगेच त्याला वेग कमी करायला आणि दिशा थोडी वळवायला सांगितलं.

मग ते अरबी समुद्रातलं वादळ आलं. आमचं एक जहाज आखाताकडे निघालं होतं, कप्तान रत्नागिरीकडचे. ताईंनी स्पष्ट लिहिलं: दक्षिणेकडून वळसा घ्याच. जहाज भाड्यानं घेणाऱ्या कंपनीला तो उशीर नको होता. आमचे मुंबईचे साहेब स्क्रीनवर आले. गोड आवाजात म्हणाले, "मंगल, एवढंच बदला. 'वळसा घ्याच'च्या जागी 'दोन्ही मार्ग शक्य' लिहा. पुढचं कप्तान बघेल."

"म्हंजी बुडाला तर त्यो, आन् वाचला तर आपण?" ताईंचा आवाज चढला. "न्हाई बदलणार. घाटातनं सरळ खाली जातो त्यो दगड. माणूस वळणानंच उतरतो."

कप्तानानं वळसा घेतला. आणि वादळ? ते भर समुद्रातच विरून गेलं! सरळ वाटेवर साधा वाराही उरला नाही. कंपनी खवळली. साहेबांनी फर्मान काढलं: सल्ला चुकला असं लिहून माफी मागा, नाहीतर तुमचं कंत्राट संपलं म्हणून समजा. मी म्हणालो, "ताई, लिहून टाका दोन ओळी. काय बिघडतंय?"

त्या माझ्यावरच उसळल्या. "शेतावर जाताना म्या इरलं घेतलं डोक्यावर, आन् पाऊस पडलाच न्हाई. मग काय ढगाची माफी मागायची? त्या दिवशी जे दिसलं त्यावर बोलले. उद्या तसंच दिसलं तर उद्या बी तेच बोलंन!"

त्यांनी माफी मागितली नाही. कंत्राट गेलं. त्या सामान बांधत होत्या तेव्हा मला राग येत होता, साहेबांचा आणि माझाही. तेवढ्यात फोन वाजला. रत्नागिरीचे कप्तान होते, बंदरात पोचले होते.

"जेवलात का?" ताईंनी सवयीनं विचारलं.

"सगळे पोटभर जेवलो, ताई. तुम्ही जेवलात?"

सकाळपासून ताईंच्या पोटात काही नव्हतं. "बसतेच आता," त्या म्हणाल्या, आणि खरंच बांधलेल्या पिशवीतून भाकरी काढून खाली बसल्या. अर्धी मला दिली.

'फोनवर कामापुरतंच बोलावं' असा साहेबांचा नवा नियम आलाय, आणि आमचे फोन ते मुंबईत बसून ऐकतात. त्या खोलीत आता मी एकटाच असतो. फोन लागला की मी आधी विचारतो, "जेवलात का?"

साहेबांना ऐकू जावं इतक्या मोठ्यानं.