ताईच्या आंदणाची गाय

ताईच्या लग्नात आम्ही वऱ्हाडाच्या बैलांना पोटभर कडबा घातला आणि घरच्या गाईला भात. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची गोष्ट. तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावात वऱ्हाड बैलगाड्यांनी आलं होतं. पाहुण्यांच्या बैलांपुढं वैरण कमी पडली असती तर सोयऱ्यांनी वर्षभर टोमणे मारले असते, म्हणून वडिलांनी कडब्याची गंजीच मोकळी करून दिली. गाय काय, घरचीच होती.

हीच गाय ताईला आंदण द्यायची होती. वडिलांजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं आणि ताईनंही दुसरं काही मागितलं नव्हतं. वासरू असल्यापासून तिनंच वाढवलेली. पाचव्या दिवशी ताई माहेरी येणार आणि परत जाताना गाय सोबत नेणार, असं ठरलं होतं.

पंगती उठल्यावर भात उरला, बुंदी उरली. अन्न टाकायचं नाही, हा आमच्या घरचा दंडक. मी घमेलंभर भात गाईपुढं ओतला. थोड्या वेळानं आईनं आणखी एक ओतलं. निघायच्या आधी ताई शालू सावरत गोठ्यात गेली आणि बुंदीची टोपली तिनं आपल्या हातानं गाईला चारली. गाय अधाशासारखी खात होती आणि आम्ही कौतुकानं बघत होतो. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी गाय रवंथ करेना. शेण पाण्यासारखं पातळ, वास आंबूस. वडिलांनी तीर्थपुरीहून जनावरांच्या डॉक्टरांना आणलं. काय काय खाऊ घातलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी माझं सांगितलं, आईनं तिचं सांगितलं आणि ताईच्या बुंदीचंही.

"अन् कडबा?"

"न्हाई घातला," वडील म्हणाले. "पाव्हण्यांच्या बैलांना लागला."

डॉक्टर चिडले. "कडबा म्हणजे नुसतं पोट भरायचं सामान न्हाई. जनावर तो चघळतं, रवंथ करतं, मंग लाळ सुटते अन् पोटातलं आंबट मोडतं. तुमचा भात अन् बुंदी आत आंबली. आतड्याचं अस्तर सोलून निघालंय. आतलं विष आता रक्तात उतरून राह्यलंय."

त्यांनी खायचा सोडा पाजला, सलाईन लावलं. मी शेजारून दोन पेंढ्या मागून आणल्या आणि तिच्या तोंडाशी धरल्या. तिनं हुंगलं आणि मान फिरवली. मला स्वतःची इतकी चीड आली की त्या दिवशी मी जेवलेच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गाय गेली.

"पोरीला यातलं काही कळू द्यायचं न्हाई," वडिलांनी आम्हा दोघींना बजावलं. "साप चावला म्हणायचं. बिलकुल दुसरं बोलायचं न्हाई."

पाचव्या दिवशी ताई आली ती चपला न काढताच गोठ्याकडं वळली. वडिलांनी सापाचं सांगितलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. इतकं मोठं खोटं मी नंतर कधी बोलले नाही, आणि तेही तोंड न उघडता.

ती रिकाम्या खुंट्याशी बसून पुष्कळ रडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग पदरानं तोंड पुसून ताई आईला म्हणाली,

"जाऊ दे माय. जाताना तिच्या तोंडात गोड तरी पडलं, माझ्या हातचं."