पहिली अवे मॅच आणि एकच प्रेक्षक

प्रत्येक खेळाडूने सोबत एकच माणूस आणायचा, असा क्लबचा मेल आला तेव्हा आमच्या घरात उमेदवार तीन होते.

क्लब म्हणजे फार मोठं काही समजू नका. परदेशातल्या आमच्या गिरावीन या उपनगरातला, घराजवळच्या पार्कातला फुटबॉल क्लब, आणि त्यातली पस्तिशीच्या पुढच्या बायकांची, सगळ्यात खालच्या डिव्हिजनमधली टीम. उन्हाळ्यात मी उत्साहाच्या भरात नाव दिलं. जन्मात कधी फुटबॉलला पाय लावला नव्हता. सीझन सुरू व्हायच्या तोंडावर कोरोना आला, सगळं बंद झालं आणि माझी नवीकोरी जर्सी कपाटात पडून राहिली. प्रॅक्टिस झूमवर सुरू झाली. आमची कोच, साठीच्या आसपासची उंच गोरी बाई, तिकडे तिच्या गॅरेजमध्ये उठाबशा काढायची आणि इकडे हॉलमध्ये मी.

माझ्यामागे माझे सासरेही उठाबशा काढायचे. ते फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी आले होते. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी पुण्यातच राहिल्या. मग विमानंच बंद झाली आणि बाबा आमच्याकडे अडकले. दर शुक्रवारी सकाळी ते एअरलाइनला फोन लावायचे, अर्धा तास संगीत ऐकायचे आणि "अजून काही नाही" म्हणून चहा मागायचे. सासूबाईंशी रोज व्हिडिओ कॉल व्हायचा, पण त्यात नातीच्या रडण्यापलीकडे फारसं काही ऐकू यायचं नाही. तेव्हा झूमवरची प्रॅक्टिस ही त्यांची हक्काची करमणूक झाली. अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी, आणि कॅमेऱ्यात अर्धेच दिसणारे. सगळी टीम त्यांना "बाबा" म्हणू लागली.

आणि मग इथल्या ऐन हिवाळ्यात, म्हणजे जुलैत, सीझन सुरू होणार असं ठरलं. पहिलीच मॅच अवे, म्हणजे समोरच्या टीमकडे. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्राजवळच्या मैदानावर, रविवारी.

मेलमध्ये नियमच नियम. घरूनच जर्सी घालून या, आपली पाण्याची बाटली आपणच वापरा, हाफटाइमला संत्री वाटायची नाहीत, गोल झाल्यावर मिठ्या मारायच्या नाहीत. "त्या नियमाची आपल्याला काळजी नाही," असं आमच्यातल्या एकीने ग्रुपवर लिहिलं. आणि तो एक प्रेक्षकाचा नियम.

"गाडी मी चालवणार, म्हणजे मीच प्रेक्षक," नवरा म्हणाला.

"दॅट्स नॉट फेअर! मी पोस्टर केलंय," आमची नऊ वर्षांची लेक म्हणाली.

बाबा म्हणाले, "मी आपला घरीच थांबतो. तुम्ही जा खुशाल." आणि हे म्हणताना त्यांनी पेपरची घडी इतक्या सावकाश घातली, की ते अजिबात खुशाल थांबणार नाहीत हे आम्हाला कळलं.

मला खरं तर कुणीच यायला नको होतं. मी राखीव खेळाडू. बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या, शेवटची दहा मिनिटं धावायचं आणि घरी यायचं, एवढाच माझा बेत होता. तो गुरुवारी मोडला. कोचचा फोन आला. आमची गोलकीपर नर्स होती, तिचा घसा दुखत होता. टेस्ट करून घरी बसायचं, हा नियम.

"तर लव्ह," सगळ्यांनाच लव्ह म्हणणारी कोच म्हणाली, "रविवारी गोलमध्ये तू."

"मी? मला येत नाही गं ते."

"कुणालाच येत नाही. पण तुझी उंची बरी आहे. नो वरीज!"

फोन ठेवून मी डोक्याला हात लावून बसले. बाबांनी काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं विमानाचं तिकीट मिळालं.

"अगं, मग एवढं काय! मी बँकेच्या टीमचा विकेटकीपर होतो." उजव्या हाताची वाकडी करंगळी त्यांनी पुरावा म्हणून पुढे केली.

"बाबा, तिला क्रिकेट शिकवू नका. फुटबॉल आहे," आतून नवरा ओरडला.

"चेंडू पकडायचाच आहे ना? मग झालं."

त्या दिवसापासून बॅकयार्डमध्ये आमचा क्लास सुरू झाला. एका बाजूला कपडे वाळत घालायची लोखंडी छत्री, दुसऱ्या बाजूला लिंबाचं झाड, मध्ये मी. बाबा कधी टेनिसचा बॉल फेकायचे, कधी फुटबॉल, आणि लेक लाथा मारायची. "गुडघे वाकव. चेंडूच्या आधी उठू नकोस. हातांच्या मागे अंग आण," असं अखंड चालायचं. लंच ब्रेक संपून मी मीटिंगला बसले, की मॅनेजर विचारायची, तू धापा का टाकतेयस? शुक्रवारी धुतलेल्या चादरीवर चिखलाचा मोठा गोल उमटला, तेव्हा नवऱ्याने मुकाट्याने ती परत मशीनमध्ये टाकली. शेजारचे म्हातारबुवा कुंपणावरून डोकावून म्हणाले, "गुड कॅच, मेट!" बाबांनी त्याचं श्रेय स्वतःकडे घेतलं.

रात्री जेवताना सहज माझ्या लक्षात आलं, आज बाबांचा शुक्रवारचा एअरलाइनचा फोन झालाच नव्हता. मी त्यांना आणखी एक भाकरी वाढली आणि वरून लोण्याचा गोळा ठेवला.

प्रेक्षकाचा तिढा मात्र तसाच होता. शनिवारी कोचचा मेसेज आला: प्रत्येक टीमने एक कोविड मार्शल आणायचा आहे. पिवळं जॅकेट घालून लोकांना सॅनिटायझर द्यायचं आणि लांब लांब उभं करायचं. मार्शल प्रेक्षकांत मोजला जाणार नाही. बाबांना विचारशील का?

नवरा काळजीत पडला. "बाबा, वयस्कर लोकांनी घरी थांबावं म्हणतात."

"सत्तरीच्या पुढचे. मला दोन वर्षं आहेत अजून," बाबा म्हणाले. "आणि उघड्यावर आहे, मास्क आहे. माणसांना रांगेत उभं करण्यात माझा जन्म गेला."

तेव्हा ठरलं. प्रेक्षक लेक, मार्शल बाबा, आणि गाडी चालवणारा नवरा पार्किंगमध्ये गाडीतच बसणार. लेक त्याला व्हिडिओ कॉलवर मॅच दाखवणार.

रविवारी मैदानावर इतका गार वारा होता, की ग्लोव्हज मिळाल्याचा मला आनंदच झाला. बाबांचं पिवळं जॅकेट गुडघ्यांपर्यंत येत होतं. समोरच्या टीमच्या धिप्पाड बायका त्यांच्यासमोर ओळीने हात पुढे करून उभ्या राहिल्या, आणि बाबा प्रत्येकीच्या तळव्यावर मोजून दोन थेंब टाकत होते. "नेक्स्ट, प्लीज!"

पहिले दोन गोल माझ्या अंगावरून कसे गेले ते मला कळलंही नाही. तिसऱ्या वेळी बॉल सरपटत डावीकडे आला. मी गुडघे वाकवून थांबले, थांबले, आणि तो छातीशी गच्च धरला. त्याच क्षणी टचलाइनवरून खणखणीत आवाज आला, "हाऊज दॅट!"

रेफरीने चमकून मागे पाहिलं. आमची कोच हसून हसून खाली बसली.

आम्ही तीन-एकने हरलो. आमचा एकुलता एक गोल झाला तेव्हा नियम कुणालाच आठवला नाही, आणि बाबा शिट्टी नसल्यामुळे नुसतेच "डिस्टन्स! डिस्टन्स!" ओरडत राहिले. नवऱ्याला फोनवर बहुतेक वेळ गवत आणि लेकीचा अंगठा दिसला.

मॅचनंतर आम्ही किनाऱ्याशी गाडी लावून फॉइलमधली थालीपिठं खाल्ली. बाबांनी पँट दुमडली आणि त्या थंडीत घोट्यापर्यंत पाण्यात जाऊन उभे राहिले. एका हातात फोन, पलीकडे सासूबाई. "अगं, अगदी खाली राहून घेतला तिने," ते सांगत होते. लेक त्यांच्या अंगावर पाणी उडवत होती.

गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून मी गाडीत बसले होते. तेवढ्यात कोचचा मेसेज आला: नर्सची टेस्ट निगेटिव्ह आली, पुढच्या आठवड्यात ती परत येतेय, पण तिला आता गोल अडवायचे नाहीत, पुढे जाऊन मारायचेत. तू गोलमध्येच राहशील का?

कुणालाही न विचारता मी "हो" लिहून पाठवलं.