बॅण्डच्या पुढे दादू

घाटकोपरच्या दादू खरातचं आयुष्य लेथ मशीनवर गेलं होतं. झिजलेलं लोखंड तो नव्यासारखं करून द्यायचा, मात्र ते झिजवल्याबद्दल गिऱ्हाइकाला आधी झापायचा.

वाकोल्याच्या बेसिलकडे सत्तर वर्षांची जुनी मोटार होती. तिचे मागचे दोन्ही हब, म्हणजे चाकांचे तुंबे, आतून झिजले होते. शनिवारी दादूने डावं चाक उतरवलं, पण हब आसावरून हलेना. त्याने हब ओढून काढायचा पुलर लावून करकचून आवळला.

"आता हात लावू नको रे. उद्यापर्यंत आपोआप सुटेल," तो बेसिलला म्हणाला.

रविवारी तो बघायला आला, तेव्हा शेजारी जेनिसच्या लग्नाची गडबड होती. नवरी घरात बूट शोधत होती. फटाका वाजला की निघायचं, म्हणून बॅण्डवाले दारात तयार उभे होते. तेवढ्यात धाडकन आवाज करून हब सुटला. बॅण्ड वाजवत निघाला आणि त्याच्यामागे वऱ्हाडही निघालं.

"थांबा, नवरी राहिली," ओरडत दादू पाना उंचावून बॅण्डच्या पुढे धावला. त्या दणदणाटात कोणाला काही ऐकू गेलं नाही. नवरीचा मामा नाचतोय असं समजून सगळे त्याच्यासारखेच हात उंचावून नाचू लागले. चर्चच्या दारात फादरनी नवरी कुठे म्हणून विचारलं, तेव्हा कुठे बॅण्ड थांबला.

जेनिस रिक्षाने आली आणि हसत हसत दादूला जेवायलाच घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यात दादूने दोन्ही हब वेल्डिंगने भरून लेथवर मापात आणले. मोटार झकास पळू लागली. वाकोल्यातून त्याला नंतर तीन बोलावणी आली, तिन्ही लग्नात नाचायची.